फिजीत धंदा न्यायचाय? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं शिरोली एमआयडीसीत कास्टिंग आणि मशीनिंगचं छोटं युनिट आहे, साखर कारखान्यांचे स्पेअर, पंपाचे पार्ट असलं काम. फिजीत लाउटोकाला एक शेड भाड्यानं घेऊन तिथं सर्व्हिस सेंटर काढलंय, आणि ते कळल्यापासून गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी सगळीकडनं फोन चालू झालेत. तेच तेच टाईप करून बोटं दुखली, म्हणून जे प्रश्न खरंच येतात ते इथं एका जागी लिहून ठेवतोय. सोपे आधी, किचकट नंतर. टॅक्सचे आकडे बजेटमध्ये बदलत असतात, पैसे पाठवायच्या आधी तिथल्या अकाउंटंटकडनं तपासून घ्या, नंतर मला फोन करून "तुम्हीच लिहिलं होतं की" म्हणू नका.

१. फिजी नक्की कुठं आणि केवढं आहे? नकाशात सापडतच नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात. बेटं तीनशेच्या वर, पण माणसं राहतात अशी साधारण शंभर, आणि धंद्याच्या दृष्टीनं बघायचं तर एकच, विती लेवू. ते साधारण १०,४०० चौरस किलोमीटर, आपला कोल्हापूर जिल्हा ७,६८५, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सव्वापटीहून जरा जास्तच झालं. लोकसंख्या मात्र अख्ख्या देशाची २०१७ च्या जनगणनेत नऊ लाखांच्या आत, आणि आपल्या एकट्या जिल्ह्याची २०११ लाच ३८ लाखांच्या वर. पावसाचं गणित आपल्यासारखंच. मधे डोंगर, पूर्वेला राजधानी सुवा म्हणजे गगनबावडा समजा, पाऊस थांबतच नाही, आणि पश्चिमेला लाउटोका, नांदी, बा हा भाग म्हणजे शिरोळ-हातकणंगले, कोरडा, आणि ऊसही तिकडंच.

२. एवढ्या लांब, एवढ्या छोट्या मार्केटात जायचंच कशाला?

आमच्यासाठी उत्तर ऊस. लाउटोकाचा कारखाना १९०३ पासूनचा, बा गावाजवळचा रारावाई त्याहून जुना, आणि तिसरा वानुआ लेवू बेटावर लंबासाला. जुनी मशिनरी म्हणजे स्पेअरची भूक. आणि मजा अशी की सीझन उलटा आहे. तिथं गाळप साधारण जूनला सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतं, मग ओव्हरहॉलिंग डिसेंबर ते मे, तर आपल्याकडचं ओव्हरहॉलिंग एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे फाउंड्रीला वर्षभर काम, भट्टी गार पडत नाही. हे कागदावर लै भारी दिसतं. मेख अशी की तिथल्या ओव्हरहॉलिंगचे महिने आणि वादळाचे महिने जवळजवळ एकच आहेत. पुढचं सगळं प्लॅनिंग या एका गोष्टीभोवती फिरतं.

दुसरं, नुसत्या उसावर उडी मारू नका. युरोपनं साखरेचा कोटा २०१७ ला बंद केल्यापासून तिथला धंदा आक्रसलाय, पोरं शेती सोडून चाललीत. हॉटेलांचे पंप, पाणीपुरवठ्याची कामं, आणि टोंगा-सामोआसारख्या शेजारच्या बेटांची ऑर्डर, हे धरूनच हिशेब बसतो.

३. वादळ म्हणजे किती? दरवर्षी सगळं उडून जातं का?

नाही हो. सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, आसपास दरवर्षी काहीतरी फिरत असतं, पण तुमच्याच शेडवर येईल असं नाही. आलं तर मात्र २० फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टनसारखंही येऊ शकतं. वारा ताशी २८० किलोमीटरच्या आसपास, ४४ माणसं गेली, ३० हजारांच्या आसपास घरं मोडली किंवा गेली, नुकसान जवळजवळ २०० कोटी फिजी डॉलर. आणि ते वादळ आधी टोंगाकडं गेलं होतं, तिकडनं वळून परत आलं, म्हणजे "गेलं एकदाचं" म्हणून पत्रे परत उघडणाऱ्याचं काय झालं असेल बघा. राकीराकीचा पेनांग साखर कारखाना त्यात असा मोडला की परत सुरूच झाला नाही. हे कारखान्याला स्पेअर विकणाऱ्यानं लक्षात ठेवायचं, गिऱ्हाईकच नकाशावरनं जाऊ शकतं.

त्यानंतर २०२० मध्ये एप्रिलला हॅरॉल्ड, तेही कोविड चालू असताना, आणि डिसेंबरला यासा. वादळाशिवाय नुसत्या पुरानं नांदी आणि बा ही गावं २००९ ला बुडाली, २०१२ ला परत बुडाली. भूकंप-त्सुनामीही आहे, १९५३ ला सुवानं दोन्ही एकाच दिवशी बघितलं. तेव्हा एक संकट धरून प्लॅन केला की झालं, असं होत नाही.

४. आपण २०१९ आणि २०२१ चा महापूर काढलाय, तो अनुभव तिथं कामाला येतो का?

अर्धा येतो. जो अर्धा येतो तो लै मोलाचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची सवय आहे. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या कारखान्यात पाण्याचा थेंब आला नव्हता. तरीपण हायवे शिरोलीजवळ बंद, कामगार अडकलेले, ट्रक पलीकडं, भट्टी थंड, आणि पुण्याचा गिऱ्हाईक विचारतोय की तुमच्याकडं तर पूर नाही ना आला, मग माल का नाही. हा धडा तिथं जसाच्या तसा लागू होतो. विती लेवूला समुद्राच्या कडेनं गोल रस्ता आहे, दक्षिणेकडनं क्वीन्स रोड, उत्तरेकडनं किंग्ज रोड, आणि दोन्हीवर नदीचे पूल. एक पूल बंद झाला की तुमची शेड सुकी राहून उपयोग काय. जागा बघताना शेड बुडते का एवढंच विचारू नका, शेडपासून बंदरापर्यंत आणि शेडपासून कामगारांच्या घरापर्यंत काय काय बुडतं ते विचारा. आम्ही एका चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, त्यानं भिंतीवरचा २०१२ चा डाग दाखवला. एजंटनं हे सांगितलं नव्हतं.

जो अर्धा येत नाही तो असा: पूर चढतो तेव्हा तासातासाला फूट मोजता येतात, सामान वर चढवता येतं. वादळात वर चढवलेलं सामानच आधी जातं. पुराची सवय असलेला माणूस कॉम्प्युटर माळ्यावर ठेवतो आणि वादळात माळाच उडतो. तेव्हा कागद आणि इलेक्ट्रॉनिक सामान मधल्या उंचीवर, पक्क्या भिंतीच्या खोलीत, प्लास्टिकच्या बंद पेट्यांत.

५. शेड कसली बघायची? आपल्यासारखी पत्र्याची चालेल का?

पत्र्याचीच असते, पण पत्रा कसा धरलाय ते बघायचं. कडेला आणि कोपऱ्यात वारा सगळ्यात जास्त उचलतो, तिथं स्क्रू दाट पाहिजेत, खाली रुंद वॉशर पाहिजे, आणि पर्लिन म्हणजे पत्र्याखालची आडवी पट्टी राफ्टरला नुसती ठेवलेली नको, पट्टीनं बांधलेली पाहिजे. सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे रोलिंग शटर. शटर आत गेलं की वारा शेडमध्ये भरतो, आतनं छप्पर ढकलतो आणि बाहेरनं ओढतो, मग काय राहतंय. आम्ही शटरला आतनं काढता येणारे लोखंडी खांब केलेत, खाली फरशीत भोकं, वर बीमला पिना, दोन माणसं अर्ध्या तासात बसवतात. ते इथं शिरोलीतच बनवून कंटेनरमध्ये टाकून पाठवले, खर्च किरकोळ.

आवारात सुटं काही ठेवायचं नाही. रिकामा ड्रम, पॅलेट, भंगारातला पत्रा हे सगळं वादळात शेजाऱ्याच्या भिंतीत घुसतं आणि भांडण तुमच्या नावावर.

६. इन्शुरन्स मिळतो का? का वादळाचं म्हटलं की नाही म्हणतात?

मिळतो, पण साध्या फायर पॉलिसीत वादळ धरलेलं आहे असं समजू नका, ते वेगळं जोडून घ्यावं लागतं आणि त्यासाठी इंजिनिअरचं सर्टिफिकेट मागतात की बिल्डिंग वाऱ्याला टिकेल अशी आहे. म्हणूनच प्रश्न ५ आधी. भाड्याची शेड असेल तर हे सर्टिफिकेट मालकाकडं आहे का ते करार करायच्या आधी विचारा, नंतर तो काढून देईल या भरवशावर राहू नका. आणि वादळ समुद्रात दिसायला लागलं की नवीन पॉलिसी कोण देत नाही, तेव्हा काम ऑक्टोबरच्या आत. स्टॉक, मशीन आणि धंदा बंद राहिल्याचं नुकसान हे तीन वेगवेगळे विषय आहेत, तिसऱ्याकडं आपली माणसं हमखास दुर्लक्ष करतात आणि मार तिथंच बसतो.

७. जमीन विकत घेता येते का? दोन-चार एकर घेऊन टाकावी म्हणतोय.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच उत्तरावर सगळ्यांची तोंडं पडतात. देशातली ८७ टक्क्यांच्या आसपास जमीन इतौकेई म्हणजे मूळच्या फिजीयन लोकांची आहे, ती मातांगाली म्हणजे भावकीच्या नावावर असते, आणि ती विकता येत नाही. कुणालाच. भाडेपट्टाच घ्यायचा, आणि तो सुद्धा थेट मालकाशी हात मिळवून चालत नाही, इतौकेई लँड ट्रस्ट बोर्ड म्हणून संस्था आहे, तिच्यामार्फत. फ्रीहोल्ड म्हणजे विकत घेता येणारी जमीन अगदी थोडी, उरलेली सरकारी.

आपल्याकडं सातबारावर पन्नास नावं असली तरी शेवटी एक दलाल सगळ्यांच्या सह्या आणतो, ती अक्कल तिथं चालवू नका. दुसऱ्याच्या पट्ट्यावरची शेड तुम्ही पोटभाड्यानं घेत असाल तर त्यालाही बोर्डाची संमती लागते, आणि ती नसेल तर तुमचा करार म्हणजे नुसता कागद. मूळ पट्ट्याची किती वर्षं उरलीत तेही बघा. शेतीचे पट्टे तीस वर्षांचे होते, १९९७ पासून ते संपत गेले आणि हजारो ऊस शेतकऱ्यांना घरदार सोडून उठावं लागलं. ती जखम अजून ओली आहे, त्यावर चहा पिता पिता मत द्यायला जाऊ नका.

आमचा सल्ला, पहिली तीन वर्षं भाड्याची शेड. जमिनीचा नाद नंतर.

८. कंपनी काढायची प्रोसेस काय, टॅक्स किती?

इन्व्हेस्टमेंट फिजी ही सरकारी संस्था पहिला दरवाजा, तिथनं पुढं कंपनी रजिस्ट्रेशन, टॅक्स नंबर, म्युनिसिपालिटीचं लायसन. इंग्रजीत कारभार, कागद आपल्याला ओळखीचे वाटतात. कंपनी टॅक्स २५ टक्के, व्हॅट ऑगस्ट २०२५ पासून साडेबारा टक्के. भारत आणि फिजीत दुहेरी कर टाळायचा करार २०१४ ला झालाय, त्यामुळं एकाच नफ्यावर दोनदा टॅक्स भरायची भीती नको, पण तो फायदा मिळवायला कागद वेळेवर लागतात, आपोआप काही होत नाही.

९. इथनं पैसे पाठवायचे तर बँकेतनं सरळ जातात का?

तिथल्या कंपनीत भांडवल म्हणून घालणार असाल तर ती परदेशी गुंतवणूक झाली, फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे २०२२ चे नियम लागतात. बँकेकडं फॉर्म एफसी, युनिक नंबर मिळाल्यावरच पैसे, आणि नंतर दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत परफॉर्मन्स रिपोर्ट. आपल्या छोट्या शाखेत हे कुणी रोज करत नाही, त्यामुळं साहेब म्हणतील "बघू", तेव्हा फॉरेक्सचं काम करणारी मोठी शाखा गाठा. मुलाच्या फीसारखे पाठवून नंतर भांडवल दाखवू, असलं डोकं कुणी चालवलंय, त्याचा सीए अजून कागद लिहितोय.

१०. तिथं निम्मी माणसं आपलीच आहेत ना? मग काय अवघड आहे?

हीच समजूत घेऊन सगळे जातात, मी पण गेलो होतो.

२००७ च्या जनगणनेत इतौकेई ५७ टक्के आणि भारतीय वंशाचे ३७ च्या आसपास. हे भारतीय वंशाचे लोक १८७९ ते १९१६ मध्ये इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या ६० हजारांवर मजुरांची नातवंडं-पतवंडं. करार म्हणजे ॲग्रीमेंट, त्याचं झालं गिरमिट. आपल्याकडं गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, तिथं त्या एका शब्दात पाच पिढ्यांचं रडणं आहे. आता मे महिन्यात त्या नावानं सुट्टी असते.

ते आपले आहेत का? दिवाळी करतात, रामायण वाचतात, चहात आलं घालतात. पण ते स्वतःला इंडियन म्हणवून घ्यायला इथनं कुणी आलेला लागत नाही, आणि कोल्हापूरचा माणूस जाऊन "आम्ही तुमच्याच देशातले" म्हणाला की ते हसून मान हलवतात आणि मनात म्हणतात, आला अजून एक शिकवायला. त्यांचा देश फिजी. २०१३ च्या घटनेनं सगळ्याच नागरिकांना फिजीयन म्हणायचं ठरवलंय. आणि त्यांच्यातही उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे, मुसलमान, शीख, आणि गिरमिटात न येता दुकानदारीला आलेले गुजराती, सगळ्यांची गणितं वेगळी. एका गटातला मॅनेजर घेतला आणि सगळी भरती त्याच्यावर सोडली की सहा महिन्यांत तुमची शेड "त्यांची" शेड होते. बाकीचे येत नाहीत, आणि वादळानंतर मदतीलाही येत नाहीत. आमच्याकडं पहिल्या वर्षी सात माणसांत एकही इतौकेई नव्हता आणि मला ते दिसलंसुद्धा नव्हतं, शेजारच्या वर्कशॉपवाल्यानं दाखवलं.

रोतुमन म्हणजे रोतुमा बेटावरचे, चिनी, आणि इतर बेटांवरनं आलेले लोकही आहेत. हे सगळं पाठ करायचं नाही, फक्त "आपलेच" हा शब्द विमानात ठेवून उतरायचं.

११. हिंदी चालते का?

चालते, पण त्यांची हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची, आणि आपली बंबईया हिंदी ऐकून ते गोंधळतात. ऑफिसात इंग्रजी. फिजीयन भाषेचे दोन शब्द मात्र पहिल्या दिवसापासून, "बुला" म्हणजे नमस्कार आणि "विनाका" म्हणजे आभार. स्पेलिंग वाचून उच्चार करू नका, इंग्रजी डीच्या आधी न आपोआप येतो, म्हणून विमानतळाचं गाव लिहितात नाडी आणि म्हणतात नांदी. संगीत नाटकाच्या आधीची नांदी आठवायची, विसरत नाही.

१२. गावात जाताना काय न्यायचं असतं म्हणे?

यांगोनाच्या मुळ्यांची जुडी, म्हणजे कावा. ती गावच्या प्रमुखापुढं ठेवून यायचं कारण सांगायचं, याला सेवुसेवू म्हणतात. मग ते पाण्यात कालवून नारळाच्या करवंटीतनं देतात, चव चिखलाच्या पाण्यासारखी, जीभ जरा बधिर होते, दारू नव्हे. पहिली वाटी नाकारू नका. टोपी आणि गॉगल काढायचा, खांदे झाकलेले, घरात शिरताना चप्पल बाहेर, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान पोराच्या सुद्धा. आपण देवळात जातो तसं वागलं की नव्वद टक्के जमतं. आणि घाई नको. कामाचा विषय शेवटी निघतो, आपल्याकडं सोयरिकीच्या बैठकीत निघतो तसा.

१३. कामगार मिळतात का? पगार किती?

किमान पगार एप्रिल २०२५ पासून तासाला ५ फिजी डॉलर, एक डॉलर चाळीस रुपयांच्या आतबाहेर धरा. वर प्रॉव्हिडंट फंड, मालकाचे १० टक्के आणि कामगाराचे ८. हेल्पर मिळतो. वेल्डर, फिटर, टर्नर मिळणं अवघड, कारण हात चांगला बसला की तो ऑस्ट्रेलिया नाहीतर न्यूझीलंडला जातो, आणि त्याला अडवून उपयोग नाही. आम्ही दोघं शिकवले, एक गेला. आता तीन शिकवतोय.

इथनं माणूस न्यायचा तर वर्क परमिट. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर परमिट मिळतं, पण ते फिरायला, मशीनवर उभं राहायला नाही. "चार दिवस कमिशनिंगला जाऊन येतो" असं करू नका.

रविवारी काम धरू नका. इतौकेई बहुतेक ख्रिश्चन, चर्च म्हणजे चर्च. ओव्हरटाईमचं आमिष दाखवून रविवारी बोलावलं तर येईल एखादा, पण त्याच्या घरात तुमचं नाव वाईट होईल.

१४. कंपनीत जेवण ठेवायचं तर?

चिकन, मासे, डाळ-भात, आणि टारो किंवा कसावासारखा एखादा कंद. बीफ आणि पोर्क दोन्ही नको, कुणाला तरी एक चालत नाही. तांबडा रस्सा एकदा केला होता, भांडं रिकामं झालं, पण पाणी लै लागलं.

१५. माल कसा पाठवायचा, किती दिवस लागतात?

न्हावा शेवाहून समुद्रमार्गे, मधे एखाद्या बंदरात जहाज बदलतं, लाउटोका किंवा सुवाला उतरतो. प्लॅनिंगला दोन महिने धरा, लवकर आला तर देवाची कृपा. वादळाच्या महिन्यांत बंदर बंद राहिलं की जहाज पुढं निघून जातं, म्हणून आम्ही तीन महिन्यांचा स्टॉक ऑक्टोबरअखेर तिथं पोचवतो. पैसे अडकतात, खरं आहे.

पॅकिंगकडं स्वतः बघा. आमच्या पहिल्या कंटेनरला एका पॅकिंगवाल्यानं कास्टिंग भाताच्या पिंजरात गुंडाळली, वर साल न काढलेल्या लाकडाच्या पेट्या. इथं चालतं म्हणून मी बघितलंच नाही. बेटाला बाहेरच्या किड्याची भीती असते, तिथलं बायोसिक्युरिटी खातं कडक आहे, त्यांनी पेटी उघडली आणि सगळं थांबलं, धुरी, दंड, गोडाऊनचं भाडं, माझं तोंड एवढंसं झालं. लाकूड हीट ट्रीटेड आणि गव्हाच्या कणसाचा शिक्का असलेलंच पाहिजे, गवत, पेंढा, भुसा काही नको. जुनी मशीन पाठवत असाल तर मातीचा कण राहिलेला चालत नाही, प्रेशरनं धुवा, परत धुवा.

१६. बॅगेत गूळ, कांदा-लसूण चटणी, कोल्हापुरी चप्पल नेली तर?

पॅकबंद न्या आणि फॉर्मवर लिहा. खाण्याचं, लाकडाचं, चामड्याचं सगळं डिक्लेअर करायचं. लिहिलेलं फार तर काढून घेतील, लपवलेलं सापडलं तर दंड. चपलेला माती नको.

१७. इथं बसून फोनवर चालवता येईल का?

तिथली घड्याळं आपल्या साडेसहा तास पुढं. आपल्याकडं सकाळचे दहा म्हणजे तिथं दुपारचे साडेचार, शटर पाडायची वेळ. तेव्हा पहाटे उठायची सवय लावा, आमचा मुलगा सकाळी सहाला फोन घेतो, तिथं साडेबारा. वादळानंतर मोबाईल टॉवर पडलेले असतात ते वेगळंच. जानेवारी २०२२ ला टोंगाच्या ज्वालामुखीनं समुद्रातली केबल तुटली आणि तो देश कित्येक आठवडे जवळपास तोडलेला होता. फिजीचं जाळं जास्त मजबूत आहे, तरी तिथल्या माणसाला फोन न लागता निर्णय घेता आला पाहिजे. किती डॉलरपर्यंत त्यानं न विचारता खर्च करायचा ते कागदावर लिहून ठेवा.

१८. आपल्या मोटरी चालतात का?

चालतात, २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्याच जवळपास. पिना मात्र ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या तिरक्या. बरीच वीज मोनासावूच्या धरणातनं येते, त्यामुळं दुष्काळ पडला की डिझेल. वादळानंतर लाईट आठवडे येत नाही, जनरेटर पाहिजेच, आणि डिझेलचा साठा प्रश्न ४ मधल्या मधल्या उंचीच्या नियमानं नव्हे, वेगळ्या पक्क्या जागी.

१९. तिथं लष्करी उठाव होतात म्हणे?

१९८७ ला दोन, २०००, २००६. त्यानंतर निवडणुका होतायत, आणि १९८७ चे उठाव करणारे राबुका डिसेंबर २०२२ पासून निवडून येऊन पंतप्रधान आहेत. १९८७ नंतर भारतीय वंशाचे लै लोक देश सोडून गेले, ते त्यांच्या बोलण्यात अजून येतं. कंपनीनं कुठल्याच बाजूचा बॅनर लावायचा नाही. एवढंच.

२०. उसाच्या शेतकऱ्याला पंप उधार दिला तर पैसे कधी येतात?

तिथं उसाचे पैसे वर्षभरात हप्त्यांनी मिळतात. साखरेच्या उत्पन्नाची वाटणी ७० टक्के शेतकरी, ३० टक्के कारखाना अशी ठरलेली, भाव कळत जाईल तसा पुढचा हप्ता. आपल्याकडं एकरकमी एफआरपीसाठी ऊस अडवतात, ते तिथल्यांना सांगितलं तर डोळे मोठे होतात. तुमची उधारी त्या हप्त्यांच्या तारखांना बांधा, महिन्याच्या ईएमआयचं लफडं करू नका. आणि वादळ झालं तर तो हप्ता पुढं ढकलायचा असं करारातच लिहा, कारण ढकलावा लागणारच आहे.

२१. वादळ जाहीर झालं की आपल्या माणसाला परत बोलवायचं का?

हे वादळाच्या आधी नाही, नोकरी देतानाच ठरवायचं. नांदीच्या हवामान केंद्राचा अंदाज काही दिवस आधी येतो, पण विमान कंपन्या स्वतःची विमानं आधीच हलवतात, "शेवटच्या फ्लाईटनं येतो" हा प्लॅन नाही. ज्याला घरी लहान पोरं आहेत त्यानं नोव्हेंबर ते एप्रिल तिथं राहू नये, ड्यूटी तशी लावा. जो राहील तो राहील, त्याच्या राहण्याची जागा शेडपेक्षा पक्की पाहिजे आणि त्यानं वादळात शेडकडं फिरकायचं नाही, आत लाखाचा माल असो की कोटीचा. आमच्या माणसाला एकच गोष्ट सांगितलीय, शटरचे खांब लावून कुलूप घाल, फोटो पाठव, आणि मग फोन बंद कर, चार्जिंग वाचव.

२२. शेजारच्या वस्तीतले लोक आसऱ्याला आले तर शेड उघडायची का?

हा प्रश्न दोघांनीच विचारलाय, पण मला सगळ्यात अवघड तोच वाटतो. तिथं आसऱ्याच्या जागा ठरलेल्या असतात, बहुतेक शाळा आणि चर्च. आपली शेड त्यासाठी नाही, आत जड कास्टिंग रचलेली, वारा शिरला तर माणूस चिरडेल, आणि इन्शुरन्सवालाही हात वर करेल. म्हणून वादळ चालू असताना नाही. पण नाही म्हणायचं असेल तर दारात उभं राहून म्हणू नका, ऑक्टोबरमध्येच गावच्या प्रमुखाकडं जुडी घेऊन जा आणि सांगा की वादळात शेड धोक्याची आहे, पण वारा थांबला की जनरेटरवर फोन चार्जिंग, पाण्याची टाकी आणि वेल्डिंग मशीन तुमचं. आम्ही मागच्या दोन सीझनला असं केलं. मोठं वादळ त्या बाजूला आलं नाही, तरी एकदा पुराच्या पाण्यानं रस्ता तुटला तेव्हा आमचं कुणी नसताना वस्तीतल्या पोरांनी शेडमागची गटार स्वतः मोकळी केली, आणि ते मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही पानाच्या दुकानात नव्हे तर कावाच्या बैठकीत.